उष्णतेचा ताळेबंद

रत्नागिरीच्या कॉलेजात निशिगंधा आणि ऋतिका या दोघी बांगडे मासे सुकवणाऱ्या सौरपेट्यांवर संशोधन करत होत्या. पेटीत शिरलेली उष्णता कुठेकुठे गेली याचा हिशेब लागला, की ताळेबंद जुळायचा. ऋतिकाचा जुळला, सर सगळ्यांना तिचीच पेटी दाखवू लागले. निशिगंधाच्या पेटीतली उष्णता कुठेतरी गायब होत होती. शेवटी जळफळत तिने ऋतिकाच्या पेटीत खोट शोधायला घेतली. मागून ऋतिका आली. “काय बघतेस गो?” “काही नाही.” “अगो, तुझ्या पेटीच्या मागच्या पत्र्याला हात लाव. चटका बसतो. उष्णता अडवणारा आतला काथ्या सरकलाय. उष्णता तिथूनच जाते.” निशिगंधाने हात लावला, झटकन काढला. काथ्या बसवल्यावर तिचाही ताळेबंद जुळला. सर म्हणाले, “शाब्बास! कसं सापडलं?” “ऋतिकाने दाखवलं,” निशिगंधा म्हणाली. ऋतिकाने लपवलं असतं, तर तिचा राग तरी करता आला असता.