तिरकी खुर्ची

सासूबाई गेल्यापासून बायको माझ्याशी धड बोलत नव्हती. ती ज्या काउन्सेलरकडे जायची, त्याच्या बंद दाराआड मात्र तिच्या तोंडाचा पट्टा चालू! बाहेर बाकावर मी धुमसत बसायचो. आज शेवटची भेट होती. दार उघडल्यावर मी आत डोकावलो. दोघांच्या खुर्च्या समोरासमोर नव्हत्या, जराशा तिरक्या होत्या. अस्सं आहे होय! घरी येताच मी जेवणाच्या टेबलापाशी दोन खुर्च्या तशाच तिरक्या मांडल्या. “हं, बोल.” ती नखाने टेबलावरचा डाग खरवडत राहिली. माझा तिळपापड झाला. “त्या परक्या माणसाला सगळं सांगतेस, मी काय मेलोय?” खुर्ची मागे ढकलून मी ताडकन उठलो. तिने वर पाहिलं. “पहिल्या दिवशी तिथेही मला बोलता आलं नव्हतं,” ती म्हणाली, “पण ते उठले नाहीत.” मी खुर्ची मुकाट्याने पुन्हा तिरकी केली आणि बसलो.