सांभाळायला दिलेलं

"गळ्यातलं, हातातलं, पायातलं, सगळं काढा. आत फक्त माणूस जाईल!" ओरडून ओरडून गेटवरच्या मॅडमचा आवाज बसला होता.

खामगावच्या त्या कॉलेजबाहेर भरतीच्या पेपरला आलेल्यांची रांग होती आणि टेबलावर एकेकाचे खिसे रिकामे होत होते. खिसे रिकामे झाले की माणूस भलताच उघडा पडतो. एका चष्मेवाल्याकडून तीन वेगवेगळ्या देवांचे फोटो निघाले. एका देवावर भागत नसावं. एकीच्या रुमालात अंगारा आणि लिंबू. गुटख्याची एक पुडीही टेबलावर आली, पण तिचा मालक काही सापडला नाही.

छायाजवळ तसलं काही नव्हतं. तिनं जोडवी काढली, कानातले काढले, नळाखाली हात ओले करून हिरव्या बांगड्याही उतरवल्या. सगळं सासूच्या, सोजराबाईच्या ओंजळीत ठेवलं. मंगळसूत्रापाशी मात्र तिचा हात थांबला.

"काढ ना," सोजराबाई म्हणाली.

"आत्याबाई, हे रस्त्यावर हायत."

हे म्हणजे शेखर, तिचा नवरा. रुईच्या गाठी भरलेला ट्रक घेऊन तो परवाच दक्षिणेकडं निघाला होता.

"घाटात असतीन आता. अन् मी गळा सुना करू? मले नाई जमत. चला घरी."

यंदा ती वयात बसत होती, पुढच्या भरतीला बसणार नव्हती. चुलीपुढं पुस्तक धरून केलेला अभ्यास, तेवढ्यासाठी सोजराबाईनं एकटीनं निंदलेलं वावर, सगळं त्या काळ्या मण्यांपाशी येऊन अडलं होतं. मॅडम गेट लावायच्या तयारीत होत्या.

"सुना काऊन राहीन? गळ्यातच ठेवतो ते," सोजराबाई म्हणाली.

"कोणाच्या?"

"माह्या."

सासरे जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. सोजराबाईचं कपाळ मोकळं, गळा मोकळा, मनगटं मोकळी. तिला दुसऱ्या कुठल्या रूपात छायानं पाहिलंच नव्हतं.

"लोकं काय म्हणतीन, आत्याबाई?"

"लोकायचा पेपर हाय का आज? आण इकडं."

सोजराबाईनं जोडवी-कानातले पिशवीत टाकले, मंगळसूत्र गळ्यात घातलं आणि पदराखाली सारलं. बांगड्या पिशवीत ठेवल्या तर भाकरीच्या डब्यावर आपटून फुटणार, आणि नवरा रस्त्यावर असताना ते छायाला मुळीच चाललं नसतं. म्हणून सोजराबाईनं आपले हात ओले केले आणि बांगड्या दाबून दाबून मनगटात चढवल्या.

"झालं. घरातलं घरातच हाय. जाय आता."

छाया धावत आत गेली. मागं गेट लागलं.

सोजराबाई लिंबाखाली जाऊन बसली. शेजारी शालूबाई नावाची एक बाई पेरू विकत होती. दोघींच्या गप्पा जुळायला वेळ लागला नाही. पीकपाणी झालं, गुडघे झाले, मग शालूबाईनं तिच्या हाताकडं पाहून सहज विचारलं, "मालक नाई आले संगं?"

सोजराबाईनं पदर ओढून मनगटं झाकली. खोटं बोलणं तिला सुचलं नाही.

"मालक नाई राह्यले. सुनेचं हाय हे. सांभाळाले देलं."

शालूबाईनं तिच्याकडं नीट पाहिलं. मग टोपलीतला एक पिकला पेरू तिच्या पुढ्यात ठेवला आणि गिऱ्हाइकाकडं वळली.

पेपर सुटला. छाया हसत बाहेर आली, तेव्हाच पेपर बरा गेल्याचं सोजराबाईला कळलं. तिनं आधी मंगळसूत्र काढून सुनेच्या गळ्यात घातलं. डाव्या हातातल्या बांगड्याही कशाबशा निघाल्या. उजव्या हातातल्या मात्र निघेनात. खुरपं धरून बोटांचे सांधे वर आले होते. चढताना चढल्या, उतरताना तिथंच अडल्या. पाणी लावून झालं. शालूबाईनं कुठून तरी साबणाचा तुकडा आणला, तोही झिजला. हात लालबुंद झाला.

"द्या इकडं," शालूबाईनं शेजारचा दगड उचलला. "हळूच एक टोला देला का मोकळ्या. काचाच्याच तं हायत."

सोजराबाईनं हात छातीशी ओढून घेतला.

"नाई."

"अवं, हाताले नाई लागू देत मी."

"एक डाव फोडल्या हो माह्या," सोजराबाई म्हणाली. "बाया धरून होत्या मले. आता नाई."

शालूबाईनं दगड खाली ठेवला. छायानं सासूच्या हातावरचा साबणाचा फेस आपल्या पदरानं पुसला आणि एकेक बांगडी सारखी करून मनगटावर नीट बसवली.

"राहू द्या, आत्याबाई."

"येडी का तू? गावात काय सांगू?"

"सुनेच्या हायत म्हणा. सांभाळाले देल्या. मी मागीन तवा द्या."

गावाकडं, डोणगावला जाणाऱ्या गाडीत दोघींना खिडकीजवळची सीट मिळाली. ओढ्याच्या पुलावर गाडी हादरली तशा बांगड्या वाजल्या. पुढच्या सीटवरच्या दोन बायकांनी वळून पाहिलं, आधी हाताकडं, मग मोकळ्या कपाळाकडं.

सोजराबाईनं पदर ओढून घेतला नाही. कंडक्टर आला तेव्हा तिनं पैसे डाव्या हातातून उजव्या हातात घेतले आणि तोच हात पुढं केला.