शेजारचा सिंह

प्रदर्शन उघडण्याच्या आदल्या दिवशी पॅरिसच्या आम्हा चित्रकारांना भिंतीवरच्या चित्रांवर शेवटचा हात फिरवू देतात. प्रत्यक्षात तो दिवस दुसऱ्यांची चित्रं बघून जळण्याचा असतो.

माझ्या वाघाशेजारी आन्सेल्मचा सिंह टांगला होता. त्यानं तो पिंजऱ्यापुढे बसून काढला होता. मी वाघ काढला घरच्या मांजरीवरून.

"लेका, याला दूध पाजलंस का?" आन्सेल्मनं विचारलं. सगळे हसले. पदक त्याचंच, हे मलाही दिसत होतं.

मी समोर बघणारा वाघ काढला होता. आता तो मान वळवून सिंहाकडे बघत होता. म्हणजे घरचाही फितूर.

मंडळी जेवायला गेल्यावर मी गुपचूप सिंहाचे डोळे रंगानं मिटवून टाकले.

सकाळी माझ्या चौकटीत नुसतं गवत होतं. गर्दी शेजारी होती.

"वाघ आणि सिंह एकत्र! वा, आन्सेल्म!"

आन्सेल्म पांढराफटक पडला होता.

मी पुढे झालो. सिंहाचे डोळे मिटलेलेच होते. वाघानं त्याच्या कानाशी तोंड नेलं होतं आणि तो माझ्याकडे बघत होता.

सिंहानं नाक माझ्या दिशेला वळवलं.