शेजारचा डाव
लेक सिनेमाचा निर्माता झाला, पण म्हणजे तो नेमकं करतो काय, हे मला कोणी धड सांगेना. म्हणून एकदा सरळ शूटिंगलाच जाऊन धडकले. दिग्दर्शक ओरडत होता, नटी रडत होती, दिवे धरणारे घामाघूम झाले होते. आणि आमचे चिरंजीव? शेजारच्या सुताराच्या दुकानात बुद्धिबळ खेळत बसलेले! घोडा उचलायचा, छताकडे बघायचं आणि परत तिथेच ठेवायचा.

"अरे, सगळे राबतायत आणि तू...?"

"आई, हळू!" तो माझ्या कानाशी कुजबुजला. "तिकडे रडण्याचा सीन चाललाय. इथे डाव संपला की काका लाकूड कापायचं मशीन सुरू करणार. मग सगळंच बोंबललं. त्यामुळे मला हरायचंही नाही आणि जिंकायचंही नाही."

तेवढ्यात त्याला बाहेर कोणीतरी बोलावलं. मी ओशाळून सुताराला म्हटलं, "आमच्यामुळे तुमचं काम अडलं हो, भाऊ."

"कसलं काम! मशीनची मोटर कालच जळाली," तो हळूच म्हणाला. "पण त्याला सांगू नका, उठून जाईल. मला केव्हाची मात देता येतेय, मीच टाळतोय."

लेक धावत आला. "आई, आणखी एकच टेक. मग सुटलो बघ."

मी स्टूल पुढे ओढलं आणि ऐसपैस बसले.

"होऊ दे सावकाश. काम अर्धवट टाकून उठू नकोस."