एकशे बत्तीस पावलं

सुई तुम्ही टोचायला लावलीत, क्रीडाखात्याच्या साहेबांनो. डॉक्टरचा हात निमित्ताला. आणि ज्या प्रोफेनं, म्हणजे मास्तरनं, ओस्निएलला आठव्या वर्षापासून उडी मारायला शिकवलं, त्या म्हाताऱ्याला घरी ठेवून विमानातल्या त्याच्या जागेवर तुमचा माणूस बसवलात, पथकप्रमुख म्हणून.

छताखालच्या त्या स्टेडियममध्ये तिहेरी उडीची अंतिम फेरी चालली होती. ओस्निएलच्या दोन उड्या फुकट गेल्या होत्या. पहिलीत पाय झेप घ्यायच्या फळीच्या दीड हात अलीकडे पडला. दुसरीत त्यानं अंदाजानं ढांगा लांबवल्या, तर थेट फळीपलीकडे. लाल झेंडा. आता तिसरी. ती बसली तर पहिल्या आठांत नाव आणि आणखी तीन उड्या. नाही बसली तर प्रोफेचं मैदान बंद. हे तुमच्या माणसानं सुई टोचतानाच सांगून ठेवलं होतं.

डाव्या टाचेचं हाड दोन महिन्यांपासून चिरलेलं. झेप घ्यायची त्याच पायावर, आणि लंगडी घालून उतरायचंही त्याच पायावर. दुपारी सुई टोचल्यापासून घोट्याच्या खाली काहीच नव्हतं. दुखणं नव्हतं. पायही नव्हता.

तो पुन्हा धावपट्टीच्या कडेनं मोजायला लागला. फळीपासून मागं, बोटांना टाच लावत, एकशे बत्तीस पावलं. प्रोफेच्या पोरांची ही रीतच. त्यांच्या गावच्या, ग्वांतानामोच्या मैदानात मोजायला टेप नव्हता, आणि पुढं मिळाला तरी प्रोफे म्हणायचा, "टेप हरवतो रे. पाय कुठं हरवतो?"

"काय रे, वरात काढलीस का कुणाची?"

लेदुआन. त्याच मैदानातला, क्रीडाशाळेत आठ वर्षं शेजारच्या खाटेवर झोपलेला. तीन वर्षांपूर्वी परदेशात एका स्पर्धेला गेला तो परतलाच नाही. आता अंगावर दुसऱ्या देशाचा शर्ट. त्याच्याशी बोलायचं नाही, हाही तुमचाच हुकूम.

ओस्निएल मोजत राहिला. शहाऐंशी. सत्त्याऐंशी.

"बोलू नकोस, पण ऐकशील तर. फट पडतेय तुझी. डावी टाच टेकली का नाही, तुला कळत नाहीये. दर खेपेला अर्धं बोट जागा सोडतोयस. सहासष्ट वेळा अर्धं बोट, कर हिशेब." मग आवाज खाली आणून म्हणाला, "बधिर केलाय ना?"

वर गॅलरीत तुमचा माणूस उभा राहून दोन्ही हात हलवत होता.

"तो बघ तुझा पंखा, फुल स्पीडवर," लेदुआन म्हणाला. "आकडा तोच ना? एकशे बत्तीस?"

ओस्निएल थांबला. मान हलली का नाही, त्याचं त्याला माहीत. लेदुआन फळीपाशी गेला आणि स्वतःच्या पायांनी मोजत मागं यायला लागला. शाळेत दोघांत मिळून खिळ्यांच्या बुटांची एकच जोडी होती. एकाची उडी झाली की दुसऱ्यानं ते गरम बूट घालायचे. मापात फरक असायचा प्रश्नच नव्हता.

एकशे बत्तीसला तो वाकला. ओस्निएलनं आधी मागं चिकटवलेली खुणेची पट्टी उपटून त्यानं दीड हात पुढं, फळीच्या बाजूला लावली.

"इथनं पळ," तो म्हणाला. उठला नाही, तसाच बसून राहिला. "नाहीतर नको पळूस, लेका. झालं तेवढं पुरे."

"प्रोफेचं मैदान जाईल."

लेदुआननं पट्टी अंगठ्यानं दाबून घट्ट बसवली.

ओस्निएल पळाला. पाय फळीवर बरोबर पडला असावा, कारण झेंडा पांढरा होता. लंगडी उतरताना वाळका ऊस मोडावा तसा आवाज झाला. त्याला तो नुसता ऐकू आला. मग ढांग, उडी, वाळू.

फलकावर आकडे आले. सोळा मीटर अठ्ठावन्न. आठवा.

तुमचा माणूस धावत खाली कठड्याशी आला. "त्या गद्दाराशी काय बोलत होतास?" मग फलकाकडं बघून जरा नरमला. "बरं, असू दे. आठांत आलास. तीन उड्या राहिल्यात, ऊठ."

ओस्निएल वाळूच्या कडेला बसला होता. डावं पाऊल बाहेरच्या अंगाला वळून पडलं होतं. दुसऱ्या कुणाचं तरी इथं राहून गेलं असावं, तसा तो त्याच्याकडं बघत होता.

"साहेब, दोनला टोचलीत," तो म्हणाला. "तीन तास टिकते म्हणाले होते डॉक्टर."

तुमच्या माणसाच्या मनगटावर चांगलं मोठं घड्याळ होतं. त्यानं कोटाची बाही त्यावर ओढली.

"साहेब, किती वाजले?"