मांडेवालीचा हात

मांडा खापरावर पडायच्या आधीच फाटला. लग्नघराच्या चुलीत पुरण सांडलं, जळक्या गुळाचा वास सुटला आणि कुंदाबाईचा उजवा हात खांद्यापासून लाकडासारखा लोंबत राहिला.

“व माय! परत व्हयनं?” शेजारी उंडे भरणारी बेबाबाई ओरडली.

परतच. कुंदाबाई म्हणजे शिरपूर तालुक्यातली नावाजलेली मांडेवाली. पुरणाचा उंडा दोन्ही हातांवर झेलत ती कोपरापर्यंत असा पसरवायची, की बायका कामं टाकून बघत. पण दोन वर्षांत तीनदा हा हात असा मेला होता. आठवडाभरानं आपोआप जिवंत व्हायचा. देवपुरातल्या डॉक्टरांनी सगळे फोटो काढले. हाड ठीक, नस ठीक. “मावशी, मनाला कधी मोठा धक्का बसला होता का?” त्यांनी विचारलं, तेव्हा ती भडकलीच. दुखणं हाताचं आणि हा बाबा चौकशा मनाच्या करतो! गाव तर सरळ म्हणायचं, बाई नाटकं करते.

आरडाओरडा ऐकून नवरी स्वतः तेलाची वाटी घेऊन धावत आली. अंगभर हळद, हिरवा चुडा. खाली बसून तिनं कुंदाबाईचा हात चोळायला घेतला. बांगड्या सारख्या घसरत होत्या, मनगटच केवढंसं!

“काय नाव तुनं, बेटा?”

“दिपमाला.”

“शिकस का?”

“दहावीना निकाल बाकी शे.” पोरगी हळूच म्हणाली, “बाबा म्हनतस, सासरलेच देख.”

कुंदाबाई तिच्याकडे बघतच राहिली. हात मेला होता त्या तीन लग्नांतल्या नवऱ्या तिला आठवल्या. एक आईचा पदर सोडत नव्हती. एक मांडवात चिंचा खात होती. तिसरी रडून रडून ओकली होती. तिघी अशाच, मनगटात बांगडी न टिकणाऱ्या. बाकी पन्नास लग्नांत हाताला काही म्हणजे काही झालं नव्हतं.

आणि या सगळ्यांच्या आधीची एक. चौदा वर्षांची कुंदा. “माले नही जानं” म्हणत खांबाला मिठी मारून बसलेली. बापानं हाच हात धरून तिला फरफटत बोहल्यावर आणलं होतं.

मेलं, तीस वर्षं आपण विसरलो म्हणत राहिलो आणि हा हात काही विसरला नाही! कुंदाबाईला आधी रडू आलं, मग संताप आला. तिनं डाव्या हातानं कमरेचा मोबाइल काढला. पोरींच्या शाळेच्या भिंतीवर रंगवलेला, बालविवाह कळवायचा नंबर तिला पाठ होता. एक-शून्य-नऊ-आठ.

“येडी व्हयनी का?” बेबाबाईनं तिचं मनगट धरलं. “आते मांडा कराले तुले कोन बलावी?”

“कोनी नही,” कुंदाबाई म्हणाली आणि बटणं दाबली.

दोन तासांत पोलिसांची गाडी दारात उभी राहिली. हळदीची गाणी बंद पडली. नवरीचा बाप योगराज आबा टोपी आपटून मांडवाच्या मधोमध गरजला, “कोनी फोन करा? हिंमत व्हई तं समोर या!”

शंभर माणसं. सगळी खाली बघत. बेबाबाईनं कुंदाबाईचा पदर खाली ओढला.

कुंदाबाई उठली. चुलीजवळून, सगळ्यांना दिसेल असा तिनं हात वर केला.

“मी करा.”

हात उजवा होता.