धाकट्याचे क्यूब

‘फूट रे, लवकर फूट,’ ती मनातल्या मनात क्यूबला विनवत होती. काँक्रीटचा तो चौकोनी ठोकळा मशीनच्या दोन जाड पाट्यांमध्ये दाबला जात होता आणि काटा पुढे सरकत होता. प्रयोगशाळेतलं हे मशीन एरवी तीच चालवायची, आज सहकारी चालवत होता. मेलेला गवंडी तिचा सख्खा धाकटा भाऊ, म्हणून साहेबांनी तिला मशीनला हात लावायचा नाही असं बजावलं होतं. समोर उभं राहायला मात्र कुणी मनाई केली नव्हती.

स्लॅब कोसळला तेव्हा भाऊ त्याच्याच खाली होता. चौकशीत कंत्राटदाराने सरळ हात वर केले. माल चोख होता म्हणे, गवंड्यानेच स्लॅबखालचे टेकू वेळेआधी काढले. मेलेला माणूस काय बोलणार? ढिगारा उपसून केव्हाच भरावात गेला होता. त्या स्लॅबचं आता एवढंच उरलं होतं, ओतकामाच्या दिवशी भावाने तपासणीसाठी भरलेले तीन क्यूब. ते कच्चे निघाले तर दोष मालाचा. पक्के निघाले तर भावाचा, आणि त्याच्यासोबत गेलेल्या बिगाऱ्यांचे जीवही त्याच्याच माथी.

महिनाभर ते क्यूब प्रयोगशाळेच्या टाकीत होते. माणूस गेला तरी काँक्रीट पाण्यात घट्ट होतच राहतं. तिचा पाय त्या टाकीपासून निघायचा नाही. ओल्या मालावर खिळ्याने कोरलेली तारीख पाण्यातून दिसायची, त्याच्याच अक्षरात, आणि शेजारी त्याच्या अंगठ्याचा ठसा. एकदा तिने त्यावर आपला अंगठा ठेवला. चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. घरी बादली भरतानाही तो ठसा तळाशी दिसायला लागला, तेव्हा ती घाबरली.

पहिला क्यूब दाद देईना. काटा पास होण्याची रेघ ओलांडून बराच पुढे गेला, तेव्हा कुठे त्याचे कोपरे ढासळले. दुसरा तसाच. तिसरा त्याहून चिवट. एरवी सहकारी म्हणाला असता, “तुमचे बंधुराज आले की मशीनलाच घाम फुटतो!” आणि ती ऐटीत हसली असती. इतक्या वर्षांत, इतक्या इमारतींत धाकट्याचा एकही क्यूब नापास झाला नव्हता. आज सहकाऱ्याने तिच्याकडे न बघता पाट्या पुसल्या.

बाहेर बाकावर भावजय बसली होती. ती लगबगीने उठली.

“पास झाले ना, ताई? मला खात्रीच होती.”

“अगं, पास झाले म्हणजे माल चांगला होता. म्हणजे टेकू त्यानेच...”

भावजय गोंधळली. “पण क्यूबात स्लॅबचा माल कुठे असायचा? त्यात हे दोन मुठी सिमेंट जास्तीचं मिसळायचे.”

तिचा जीव भांड्यात पडला. क्यूब पक्के असले तरी स्लॅब कच्चा असू शकत होता. धाकटा सुटत होता! तिने भावजयीचे दोन्ही हात धरले.

“हे चौकशीत सांगशील?”

“सांगेन की.”

“आणि याच इमारतीला का केलं गं त्याने असं?”

“याच कुठे? पहिल्यापासून, प्रत्येक इमारतीला. म्हणायचे, माझे क्यूब ताईच्या मशीनवर जातात, चारचौघांत तिची मान खाली जायला नको.”